ओल्या सागाची थप्पी

लाकूड कापायच्या आरामशिनीवरून सागाच्या ताज्या फळ्या माधव नगरातल्या घरी आल्या, तेव्हा श्रीपाद भलताच खूश होता. साल चौऱ्याण्णव. देवास गेटच्या दुकानांत प्लायवूडचे ढीग लागले होते, पण या गृहस्थाला लेकीसाठी खऱ्या सागाचाच पलंग हवा होता. बारा वर्षांची जयू दम्यानं बेजार. पोरीला निदान पाठ टेकायला तरी चांगलं मिळावं, एवढीच त्याची हौस.

फळ्या वाळायला म्हणून थप्पी त्यानं मागच्या अंगणात, जयूच्या खिडकीखाली रचली. दोन फळ्यांमधून वारा खेळावा म्हणून मध्ये लाकडाचे गुटके द्यायचे असतात, तेही चांगले वाळलेले. ते कमी पडले, तेव्हा त्यानं एका ओल्या फळीचेच तुकडे पाडले.

"भैया, गीले गुटके मत दो. बैठ जाएँगे," बापू मिस्त्री म्हणाले.

श्रीपाद कसला ऐकतोय.

आठवड्याभरात फळ्या दबल्या आणि मधल्या फटी बुजत चालल्या. त्याच आठवड्यात जयूचा दमा बळावला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, उतार काही पडेना. रविवारी श्रीपादनं एक वाळका गुटका ठोकून वरची फट मोकळी केली, आणि खिडकीतून येणारी जयूची घरघर एकदम उतरली. योगायोग, त्यानं स्वतःला बजावलं. मंगळवारी दुसरी फट बुजली, घरघर वाढली. गुटका ठोकला, उतरली. मग मात्र तो पार हादरला. बायकोला, मुक्ताला, त्यानं यातलं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

गुरुवारी दुपारी मुक्ताची हाक आली. "अहो, पोरीचे ओठ निळे पडलेत. पटकन ऑटो बघा."

तो रस्त्याकडे न जाता अंगणात धावला. सगळ्यात खालची फट पुरती मिटली होती. त्यानं पहार घातली, होतं नव्हतं ते बळ लावलं आणि गुटका आत सरकवला.

फटीतून कोमट हवा आली. थांबली. पुन्हा आली. तिला खोकल्याच्या औषधाचा वास होता.

घरात घरघर थांबली होती.

तो धावतच आत गेला. जयू उशीला टेकून बसली होती. ओठ गुलाबी, डोळे टवटवीत. मुक्ता तिच्या पाठीवरून हात फिरवत रडत होती, हसत होती.

"बाबा, आता बिलकुल तकलीफ नाही," जयू म्हणाली.

श्रीपादनं तिच्या नाकाखाली बोट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"काय बघताय?" तिनं विचारलं.

एवढं बोलली, तरी बोटाला काहीच लागलं नाही.