वाकलेला सेनापती

"आज तिघे वाकलेत," काचेच्या कपाटापाशी उकिडवी बसलेली मुंगी, म्हणजे दादाची धाकटी बहीण, हळूच म्हणाली. "काल गदावाला एकटाच होता."

दादा आणि बडबड्या हातातलं काम टाकून धावत आले. मामाच्या खेळण्यांच्या दुकानाच्या दर्शनी खिडकीतल्या या कपाटात, मधल्या फळीवर, त्यांची राक्षससेना उभी होती. निदान सकाळपर्यंत, एक गदावाला सोडला तर, ती ताठ उभी होती. आता मधोमधचे तीन राक्षस घोट्यांपासून पुढे झुकले होते, माना खाली घालून, जणू समोरच्या रिकाम्या गल्लीतून एखादा महाराजा चालला होता आणि तो फक्त त्यांनाच दिसत होता. बडबड्या म्हणजे मामाचा मुलगा. त्याचं तोंड फक्त झोपेत मिटतं असं मामी म्हणायची. त्यानं नाक काचेला टेकवलं.

सगळी सुट्टी त्या सेनेत गेली होती. दुकानामागच्या खोलीत एक भलंमोठं टेबल होतं. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी त्यावर कापडी टेकड्या मांडून मोठी लढाई होई. गावातली मोठी माणसं आपापल्या चिमुकल्या फौजा पेट्यांतून घेऊन येत, टेप लावून चाली मोजत आणि फासे टाकत. यंदा प्रथमच मुलांची फौज मैदानात उतरणार होती. त्यासाठी मामानं त्यांना न खपलेले रेझिनचे, म्हणजे टणक प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, राक्षस दिले होते. सगळे एकाच साच्यातले, सगळ्यांचा उजवा हात वर, सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच कंटाळा.

मग दादानं बारीक करवतीनं हात कापले आणि वळवून पुन्हा जोडले. जोड सुटू नये म्हणून आत तांब्याच्या तारेचे तुकडे घातले. बडबड्यानं घर पालथं घालून तुटक्या चेनचे दात आणले, त्यांच्या माळा झाल्या. बंद पडलेल्या घड्याळाचं झाकण ढाल झालं. उरलेल्या फटींत निळी आणि पिवळी पुट्टी हिरवी होईपर्यंत मळून भरायची, आणि ती सुकण्याआधी सुईनं तिच्यात कातडी कोरायची, हे काम मुंगीचं होतं. सुरकुत्या, चामखिळी, आणि अगदी शेवटी पापण्या. पापणी उमटली की एक अजब गोष्ट घडे. इतका वेळ नुसता गोळा असलेला तो कोणीतरी होऊन तिच्याकडे पाहू लागे. आपण त्याला घडवत नाही, तो आत होताच, आपण फक्त वरची धूळ झाडली, असं तिला वाटे. पण हे ती कोणाला सांगत नसे.

सर्वांत मोठा होता सेनापती. दोन राक्षस जोडून केलेला, पाठभर पुट्टीची जाड कातडी ल्यालेला. रंगाआधीचा काळा थर देऊन सगळ्यांना खिडकीत ठेवलं, तेव्हा मामानं कपाटाची किल्ली मुंगीच्या तळहातावर ठेवली होती. "खिडकी आजपासून तुझी," एवढंच तो म्हणाला होता. चार लोकांत तोंड न उघडणाऱ्या मुंगीला ते शाबासकीच्या दहा भाषणांहून मोठं वाटलं होतं.

आता मामानं वाकलेले राक्षस पाहिले आणि तो रागावलाही नाही. तेच वाईट होतं. खेळायचा मोह झाला असेल तर तसं सांगा, असं तो थकल्या आवाजात म्हणाला. हाताळून हाताळून पाय असे लुळे पडतात. अशी फौज रविवारी टेबलावर मांडून आपलं हसं करून घ्यायचं नाही. त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला.

मुंगीनं किल्ली मुठीत घट्ट धरली. "मामा, एक दुपार दे मला. मग घे."

मामानं होकारार्थी मान हलवली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीप्रमाणे दुकान बंद करून वर जेवायला गेला, आणि तिघं आत खोक्यांआड लपली. चोर मांजर असावं, असं दादाचं मत होतं. बडबड्याच्या मते भूत. मुंगीनं खोक्यांमधल्या फटीला डोळा लावला. ती फळीकडे पाहत होती.

आणि मग तो आला. चोर नव्हे, उजेड. गल्लीपलीकडून एक सोनेरी ठिपका काचेतून आत शिरला आणि फळीवरून गोगलगायीच्या चालीनं सरकू लागला. ज्याच्यावर तो पडे, तो काळा राक्षस धगधगल्यासारखा दिसे. कोरलेली प्रत्येक सुरकुती जिवंत होई. उजेड सेनापतीपाशी येऊन थांबला. सेनापतीची हनुवटी किंचित, अगदी किंचित खाली आली. मग खांदे. तो प्रचंड देह कोणतीही घाई न करता, कोणाच्या तरी पुढे नम्र होत गेला. मुंगीनं आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. हात पुढे करून त्याला उचलावं, हे भान तिला आलं तेव्हा उशीर झाला होता. सेनापतीच्या पाठीवरची कडक पुट्टी कंबरेपाशी तडकली होती.

"आपल्यादेखत गेला की गं," दादा पुटपुटला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण नजर उजेडाची वाट उलटी धरून निघाली होती. समोरच्या चष्मेवाल्याच्या दारावर नवी स्टीलची पाटी झळकत होती. तिला भोकं चार होती, स्क्रू मात्र दोनच. त्यामुळे पाटी मधोमध परातीसारखी आत दबली होती आणि सगळं ऊन गोळा करून मामाच्या खिडकीत ओतत होती. त्या धगीनं रेझिन मऊ पडत होतं.

मुलांनी बोलावून आणून पाटीचं सांगितलं, तेव्हा चष्मेवाले काका हसले. अर्धं आयुष्य भिंगं घासण्यात गेलं माझं, मला उजेड शिकवता का, असं त्यांनी विचारलं. जेवून खाली आलेला मामाही, पोरांच्या सबबी, म्हणून मान हलवू लागला.

मुंगीनं पायाच्या अंगठ्याकडे पाहत विचारलं, "काका, मग तुमची एखादी जुनी फ्रेम त्या उजेडात ठेवू?"

"जुनी कशाला? हा माझाच घे," म्हणत काकांनी ऐटीत नाकावरचा प्लास्टिकचा चष्मा काढून दिला.

तिनं तो उजेडात ठेवला. बडबड्यानं दोन्ही मोठ्यांना खुर्च्या आणून दिल्या, नाटकाला बसवावं तसं. चष्म्याची एक काडी थोड्या वेळानं सुस्तावली, मग दुसरी. बघता बघता तो हत्तीच्या कानांसारखा दोन्हीकडे लोंबू लागला. काकांना जवळ जाऊन पाहावं लागलं, कारण चष्म्याशिवाय त्यांना तेही दिसत नव्हतं. "आता कान कोणाचे पिळायचे, काका?" बडबड्या म्हणाला, आणि सगळ्यांत आधी काकाच हसले. संध्याकाळच्या आत पाटीला उरलेले दोन स्क्रू लागले.

राक्षसांना दादानं गरम पाण्यात बुडवलं. पाण्याखाली ते एकेक करून सावकाश ताठ झाले, लांब झोपेतून उठावे तसे. आपला मूळ आकार त्यांना आठवत होता. सेनापतीला मात्र पाण्यात घालता येईना. तडकलेली कातडी गळून पडली असती. आता हा बादच, असं दादा म्हणाला.

मुंगी त्याला घेऊन कोपऱ्यात बसली. तो ज्या दिशेनं झुकला होता तिकडे तिनं बराच वेळ पाहिलं. इतका मोठा जीव उगाच वाकणार नाही. खाली काहीतरी असलंच पाहिजे. तिनं तडा बुजवून त्याला जुन्या जखमेचं रूप दिलं, एक हात कापून खाली वळवला, आणि त्याच्या पायाशी एक चिमुकला शत्रुसैनिक उभा केला, उघड्या डोक्याचा, घाबरलेला. त्याचं पडलेलं शिरस्त्राण सेनापतीनं दोन बोटांच्या चिमटीत जपून धरलं होतं.

रविवारी राक्षससेना लढाई हरली. फाशांनी दगा दिला. पण माणसं पांगायचं नाव घेईनात. ज्याची फौज जिंकली तो जाडजूड दंतवैद्यही पुन्हा पुन्हा सेनापतीपाशी येत होता. असं काम मी पाहिलेलं नाही, असं तो म्हणाला, आणि दादानं व बडबड्यानं एकाच वेळी मुंगीकडे बोट दाखवलं.

मामा सगळ्यांत शेवटी आला. उंच मामा आधी कंबरेतून वाकला, मग गुडघ्यांवर बसला, आणि हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवून बराच वेळ पाहत राहिला.

"मी वरूनच पाहत होतो," तो म्हणाला. "चुकलो, बाळा."

ठरल्याप्रमाणे शनिवारी तिनं आपणहून परत केलेली किल्ली त्यानं खिशातून काढली आणि आवाज होऊ न देता सेनापतीच्या पायाशी ठेवली.