रेझोचा रांजण

अठरा नोव्हेंबर, गुरुवार. तीन वर्षं झाली त्याला. संध्याकाळी सहाच्या सुमारास उशांगी माझ्या फाटकाशी आला आणि म्हणाला, "गेरोंती, तुझी ती लांब नळी दे. सकाळी आणून देतो."

मी दिली. शेजारी मागतो, आपण देतो. नोव्हेंबरात हा कुठल्या बागेला पाणी घालणार आहे, एवढं विचारायची अक्कल मला झाली नाही. भट्टीत एक लाकूड सार रे. दारूची धार बारीक व्हायला नको.

"आबा, हे खरं की तुम्ही रचलेलं?"

तेओना, तू त्बिलिसीची. तुम्हाला तिकडे सगळं रचलेलंच वाटतं. हे उशांगीने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तीनदा. आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे नाही. जन्मात एक गोष्ट दोनदा सारखी न बोललेला माणूस तो. म्हणून मी विश्वास ठेवला.

आता उशांगी कोण, ते ऐका. लामाराचा धाकटा दीर. तिच्या घराच्या वरच्या अंगाला त्याचं घर. दात कोरून पोट भरणारी जात. दुसऱ्याच्या वेलीखाली पडलेली द्राक्षं वेचून आपल्या टोपलीत टाकायचा आणि वर म्हणायचा, "वाया जात होती बिचारी." प्रेताला खांदा देतानासुद्धा हा मधे शिरायचा, म्हणजे वजन पुढच्या-मागच्यावर. मला तो कधीच आवडला नाही, आणि आज मी ते लपवत नाही.

लामाराला एकच मुलगा. रेझो. तो जन्मला त्या साली त्याच्या बापाने तीनशे लिटरचा रांजण अंगणात पुरला आणि आपल्या उतारावरच्या काळ्या द्राक्षांच्या वाईनने काठोकाठ भरला. वर दगडी झाकण, झाकणावर चिकणमाती. मुलाच्या लग्नात फोडायचा, म्हणजे माती फोडून उघडायचा. आपल्या राचा मुलखात प्रत्येक घरात असायचा असा एक. लग्नाआधी मुलगा गेला, तर त्याला पुरायच्या दिवशी फोडायचा. या दोन दिवसांखेरीज तिसरा दिवस नाही.

रेझो बावीस वर्षांचा असताना सुखुमीच्या लढाईत गेला. परत आला नाही. प्रेतही आलं नाही. बाप झुरून गेला. लामारा राहिली आणि रांजण राहिला. ना लग्न, ना मयत. फोडणार कधी? दर शरदात ती झाकणावरची जुनी माती काढायची, नवी लिंपायची, ओली ठेवायची. मातीला भेग गेली की आतलं संपलं, एवढं तुम्हालाही माहीत आहे.

मग तिचे गुडघे गेले. उशांगी आला पुढे. "वहिनी, तुम्ही आत बसा, गारठा आहे. रेझो माझाही पुतण्याच ना. मी लिंपतो."

लिंपलं हो. आधी उपसलं, मग लिंपलं. तीन शरदात सगळा रांजण रिकामा केला. शहरातून ते लोक यायचे, पेल्यात नाक खुपसून डोळे मिटणारे, नाकाने कांदे सोलणारे. त्यांना हा सांगायचा, हुतात्म्याची वाईन आहे, जगात एवढीच आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकाने तर बाटलीपुढे टोपी काढली. मूर्ख लेकाचे. कुणाच्या घरचं पितोय, विकणारा कोण, एकानेही विचारलं नाही. त्या पैशातून उशांगीने जुनी मोटार आणली आणि लामाराला एकदा तीत बसवून अंब्रोलाउरीच्या बाजारात नेलं. ती आम्हाला कौतुकाने सांगायची, "भावोजी फार करतात माझं."

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा कळतं तर त्याच नळीने फोडून काढला असता.

तर त्याच आठवड्यात सोमवारी लामाराला फोन आला. रेझोची हाडं सापडली होती. तिचं रक्त पूर्वी घेऊन ठेवलं होतं, त्यावरून ओळख पटली. अठ्ठावीस वर्षांनी. ती रडली नाही. माझ्या बायकोला म्हणाली, "शनिवारी पुरू. शनिवारी रेझोचा रांजण फोडू. सगळ्या गावाने प्यायचं." आणि गुरुवारी सकाळी ती पेटी आणायला त्बिलिसीला गेली.

उशांगीच्या तोंडचं पाणी पळालं. शनिवारी ती म्हातारी गावासमोर झाकण उचलणार आणि आत कोरडं. मुलगा नाही मिळाला, आता त्याचा रांजणही नाही. पण याला तिची चिंता नव्हती. याला मोटारीची चिंता. आपल्या अंगणातली महिन्याभराची गढूळ वाईन त्यात ओतायची असं याने ठरवलं. पन्नास वर्षांच्या जागी एक महिन्याची. एवढा मूर्खपणा करायलाही हिंमत लागते म्हणा.

याचं घर वर, तिचं खाली. आपल्या पहिल्या रांजणात नळी टाकली, तोंडाने ओढली, धार आपोआप सुरू. साडेसात वाजले होते. वीज गेलेली. हातात बॅटरी. माती त्याने आधीच बाजूला केली होती, झाकण सरकवलं होतं. नळीचं टोक आत सोडून हा काठावर उकिडवा बसला, पाव आणि हॅमचा तुकडा चावत. चोरी करतानाही याला भूक लागते.

नळी भरून वाहत होती. हाताला कळत होतं.

आठ वाजले. याने बॅटरी आत धरली. पातळी दिसेना. म्हणाला, रांजण मोठा आहे, वेळ लागणार.

साडेआठ. पुन्हा पाहिलं. तळ दिसत होता. कोरडा. भिंतीवर ओलीचा डागसुद्धा नाही.

याला वाटलं, नळी कुठेतरी निसटली. हात लावला. नळी थरथरत होती. भरलेली. मग टोक शोधायला बॅटरी फिरवली. टोक तळाला पोचलेलं नव्हतं. मधेच होतं... अंधारात. आणि नळी ताणलेली होती. खालून कुणीतरी तोंडाला लावल्यासारखी.

मग ऐकू आलं.

घट... घट... घट...

मधे थांबायचं. श्वास घेतल्यासारखं. पुन्हा घट... घट...

"आबा..."

गप बस. मीही तेव्हा त्याला मधे अडवलं होतं. त्याने लक्ष दिलं नाही.

याने नळी ओढली. येईना. आणखी ओढली. खालून ओढ आली. जोरात नाही. लहान मूल आईचा पदर ओढतं तेवढी. याच्या हातातून नळी सुटली आणि आत जाऊ लागली. सावकाश... अंगणातून... उतारावरून... सगळी.

उशांगीची पाचावर धारण बसली. तरी काठावरून वाकून म्हणाला, "कोण आहे?"

आतून...

इथे तो थांबला. तिन्ही वेळा इथेच थांबला. आतून काय आलं, ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही. मी पाजून पाहिलं, शिव्या घालून पाहिलं. ओठ हलतात नुसते.

आपण राचावाले संथ, कधी पळत नाही, सगळा देश त्यावरून आपल्याला हसतो. उशांगी पळाला. एक बूट तिथेच टाकून. वर आपल्या अंगणात येऊन त्याने पहिल्या रांजणात पाहिलं. रिकामा. ठीक, नळी त्यातच होती. पण दुसरा उघडला. रिकामा. तिसरा. रिकामा.

पहाटे माझ्या दारात येऊन बसला होता. सगळं कबूल केलं. मी त्याला लाथ घालणार होतो, पण बायको म्हणाली, आधी तिचा रांजण झाका. मी जाऊन झाकला. आत पाहिलं का? नाही पाहिलं. खोटं कशाला बोलू, धीर झाला नाही. झाकण सरकवलं, माती लिंपली, बूट उचलला आणि आलो. लामाराला काय सांगायचं, ते मला शनिवारपर्यंत सुचलं नाही.

शनिवारी रेझोला पुरलं. परत येऊन सगळं गाव अंगणात उभं राहिलं. बायकांनी राजमा भरलेल्या लोबियानी रोट्यांची ताटं मांडली होती, कुणी हात लावत नव्हतं. लामारा रांजणाशी आली आणि म्हणाली, "भावोजी, तुम्हीच काढा माती. इतकी वर्षं तुम्हीच लिंपलीत."

उशांगी पुढे झाला नाही. भिंतीला धरून उभा. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. मग ती त्या गेलेल्या गुडघ्यांवर खाली बसली आणि तिने स्वतः माती उकरली. मी झाकण उचललं. डोळे मिटून उचललं.

उघडले तेव्हा रांजण काठोकाठ भरलेला होता. गढूळ नाही. काळाभोर, नितळ.

तिने पहिला पेला भरला आणि ओठांशी नेता नेता थांबली. पेला गालाला लावला. बराच वेळ तशीच राहिली. मग मला दिला.

पेला कोमट होता. नोव्हेंबर महिना, जमिनीत पुरलेला रांजण, आणि आतली वाईन अंगाएवढी कोमट. गावाने प्याली. उशांगीला तिने वाढलं नाही, आणि त्याने मागितलं नाही.

तेव्हापासून त्याचे रांजण गळतात. कुंभार आत उतरून पाहून गेला, भेग नाही. राचात राहून दुकानातून बाटली आणतो आता, कोटाखाली लपवून. मला कीव येत नाही.

लामाराचा रांजण त्या दिवशी संपला. धुतला, पालथा घालायचा प्रश्नच नव्हता, तसाच झाकून ठेवला. रिकामा आहे. मी स्वतः पाहिलाय.

परवा पहिला बर्फ पडला ना? तिचं अंगण पांढरं झालंय. रांजणाच्या तोंडावर तेवढं नाही. तिथे गेली तीन वर्षं बर्फ टिकत नाही. दुपारची ती तिथेच स्टूल टाकून बसते, हात मातीवर ठेवून. म्हणते, गुडघ्यांना बरं वाटतं.