जाणारा प्रवासी : एक

सकाळचे सात वाजून सहा मिनिटं झाली होती आणि आमच्या बस थांब्यावर, नेमका माझ्या वाटेत, एक माणूस शिडी लावून उभा होता.

“ओ भाऊ, सरका ना बाजूले. गाडी येऊन राह्यली माझी.”

“दोनच मिनिटं...” वरून आवाज आला. तोंडात स्क्रू धरलेले, त्यामुळे बाकीचं काही कळलंच नाही.

मी वर पाहिलं. बारीक पाऊस पडत होता. पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं आणि तो मान वाकडी करून खांबाशी झटत होता. खांब नवाकोरा. वर सोलरची पाटी, मध्ये काळा स्क्रीन, खाली लाल बटण. आणि अर्थिंगची हिरवी तार — चक्क हवेत लोंबत होती!

“अर्थिंग कोन जोडन? तुमचे सासरे?”

त्यानं स्क्रू हातात काढले आणि पहिल्यांदा खाली पाहिलं. “लग्न नाई झालं अजून,” तो म्हणाला. “अन् अर्थिंग मी शेवटी जोडतो.”

“पह्यले जोडाव लागते. एखाद्या दिवशी शेवटच होईन तुमचा.”

“तुमाले काय माईत?”

“आयटीआय, रिसोड. इलेक्ट्रिशियन. दुसरं वर्ष,” मी म्हटलं, छत्री मिटली आणि ऐटीत गाडीत चढले. खिडकीतून चोरून पाहिलं, तर साहेब खाली उतरून मुकाट्यानं हिरवी तार जोडत होते. मला उगाच हसू आलं... आणि रिसोड येईपर्यंत ते काही जाईना.

त्याचं नाव पवन. कारंजा तालुक्यातल्या धनजचा. हे मला दुसऱ्या भेटीत कळलं. पण त्याआधी गाडीचं सांगते, कारण माझं सगळं त्या गाडीवर अडकलं होतं.

आमचं आमलवाडी रिठदच्या फाट्यापासून चार किलोमीटर आत. आधी सकाळची गाडीच नव्हती. पहिलं वर्ष मी फाट्यापर्यंत चिखल तुडवत गेले, तिथं जीप भरायची वाट पाहिली आणि रोज दुसऱ्या तासाला वर्गात शिरले. हजेरी घसरली ती घसरलीच. ऐंशी टक्के भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. बाबा म्हणजे नानाजी स्पष्ट म्हणाले होते, “परीक्षा नाई तं शिकनं कायले? घरी बस.” आणि घरी बसले की पुढं काय होतं ते आमच्याकडच्या कुठल्याही मुलीला विचारा.

तेवढ्यात सरकारनं जिल्ह्यातल्या आठ गावांना निधी दिला. स्मार्ट थांबा! गाडी कुठं आहे, किती मिनिटांत येते, ते स्क्रीनवर दिसणार. शिवाय सकाळी सात दहाची गाडी. अट एकच — प्रवाशानं लाल बटण दाबायचं. मग खांबातून मोठ्या शहरातल्या बाईचा गोड आवाज यायचा, “नमस्कार! आपण जात आहात की येत आहात?” आपण उत्तर द्यायचं, नोंद व्हायची. तीन महिन्यांत जाणारे पुरेसे दिसले तर गाडी तीन वर्षं पक्की. नाहीतर निधी दुसऱ्या गावाला.

आमच्या गावानं बटण असं दाबलं म्हणता! शेजारच्या लिलाबाई तर गाडीत बसायचं नसलं तरी त्या बाईशी बोलायला यायच्या. त्यांना मी हात धरून घरी पाठवायची.

खांब पहिल्या महिन्यात दोनदा खरंच बिघडला. तो बंद पडला की ऑफिसात आपोआप तक्रार जायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पवन हजर. दोन्ही वेळा मंगळवार होता. तो तारा ओढायचा, मी चुका काढायची.

“एक सांगू?” तो दुसऱ्या वेळी म्हणाला. नजर तारेवर, कान लाल. “ते ‘भाऊ’ म्हननं बंद करा ना.”

“मंग काय म्हनू?”

“काहीच नोका म्हनू... नुसतं बोलत राहा.”

बाप्पा! त्या दिवशी मोटर वाइंडिंगच्या तासाला मी वेटोळे मोजताना तीनदा चुकले.

तिसऱ्या मंगळवारी खांब ठणठणीत होता. पवन आला नाही. चौथ्याही. आणि मग सोमवारी संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर, थांब्यावर कोणी नाही असं पाहून, मी पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर काढला, खालचा डबा उघडला आणि बॅटरीचा एक स्क्रू ढिला केला. अगदी थोडासा. मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली, खरंच सांगते.

मंगळवारी सकाळी तो डब्यात डोकं घालून बसला होता. “हा स्क्रू कसा ढिला झाला?”

“हवा असन,” मी म्हटलं.

“हवेले स्क्रू ड्रायव्हर भेटला वाटते.”

मी आभाळाकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. स्क्रीनवर ‘बस ४ मिनिटांत’ असं आलं आणि मी मनात म्हटलं, उशीर कर गं बाई आज.

असं एकूण पाच वेळा केलं मी.

तिसरा महिना संपत आला. माझी हजेरी अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर आली होती, अजून एक महिना गाडी मिळाली की झालं. शनिवारी संध्याकाळी गाडीतून उतरले तर पवन थांब्याच्या ओट्यावर बसलेला. खांब सुरू. मी मनातून फुलले... पण त्याचं तोंड उतरलेलं होतं.

“गाडी बंद होऊन राह्यली,” तो म्हणाला. “निधी दुसरीकडे चालला. सोमवारी निधीवाल्या मॅडम येतील अन् सही करून जातील.”

“काहून?”

त्यानं कागद पुढं केला. आमलवाडी. येणारे प्रवासी : दोन हजार नऊशे चार. जाणारे प्रवासी : एक.

“एक?” माझा आवाज चिरकला. “अन् मी काय रोज उडून जाते का? कंडक्टरची तिकिटं पाहा ना!”

“तिकिटं एसटीची. हा पैसा दुसऱ्या खात्याचा. ते खांबाचंच धरतात.”

“मंग तुमचा खांबच भंगार हाय! अर्थिंग शेवटी जोडनाऱ्याच्या भरोशावर ऱ्हायलं की असंच होते!” बोलले आणि डोळे भरून आले. राग त्याचा नव्हता, भीतीचा होता. परीक्षा जाणार, गाडी जाणार, आणि हाही जाणार.

लॅपटॉप उघडून त्यानं आवाजाच्या जुन्या नोंदी लावल्या आणि इयरफोनचं एक टोक मला दिलं, एक स्वतः घेतलं. वायर आखूड होती. सरकून बसावं लागलं.

“आपण जात आहात की येत आहात?”

“येतो.”

“आपण जात आहात की येत आहात?”

“येते माय.” ह्या लिलाबाई.

“येतो बरं का, बाई.” “येतो मंग.” “चाला, येतो!” आणि मग माझाच आवाज, घाईतला, “येते येते!”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आणि असं हसू फुटलं की त्याच्या हातातून लॅपटॉप घसरता घसरता राहिला.

घरातून निघणाऱ्या माणसानं ‘जातो’ म्हणायचं नाही, हे कुणी शिकवावं लागतं का? ‘जातो’ तोंडातून निघालं तर आई पायरीवरून परत बोलावते, पाणी पाजते आणि पुन्हा ‘येतो’ म्हणायला लावते. सगळं गाव रोज सकाळी त्या खांबाला ‘येतो’ म्हणून रिसोडला गेलं होतं. आणि संध्याकाळी उतरल्यावर म्हणत होतं ‘आलो’, जे त्या बाईला कळतच नव्हतं.

“मले कसं नाई सुचलं?” पवन कपाळावर हात मारून म्हणाला. “मी सोता घरून निंगताना तेच म्हनतो.”

“अन् तो एक कोन, ‘जातो’ म्हननारा?”

त्यानं ती नोंद शोधली. “आपण जात आहात की येत आहात?” — “जातो मी! परत तोंड नाई दाखवत इच्या घरात!”

ते माझे बाबा होते.

सोमवारी सकाळी साडेसहालाच थांब्यावर सगळं गाव जमलं. वाशीमहून धम्मदीपा मॅडम आल्या. कोरडा चेहरा, हातात फाइल. पवननं नोंदी ऐकवल्या. बाबांचा आवाज वाजला तेव्हा आईनं, प्रयागबाईनं, पदर तोंडाला लावला. “मले वाटलं नुसते वावरात गेले होते,” ती म्हणाली. बाबा टोपी नीट करत दुसरीकडे पाहू लागले.

पण मॅडम हसल्या नाहीत. “मला समजतं हो सगळं. पण रिपोर्टमध्ये आकडा लागतो. ‘येतो’ म्हणजे ‘जातो’, असं मी कोणत्या रकान्यात लिहू?” त्यांनी फाइल मिटली. संपलं, वाटलं. मॅडम उठल्या, चप्पल सावरली आणि सगळ्यांना नमस्कार करून म्हणाल्या, “बरं, येते मी.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग लिलाबाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, “मॅडम, येऊन राह्यल्या का जाऊन राह्यल्या? एकदा त्या खांबाले सांगून द्या.”

असा हशा उठला! मॅडमनी ओठ दाबून धरायचा फार प्रयत्न केला, पण नाहीच जमलं. त्या परत ओट्यावर बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, “आणा तो कागद.” त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं : यंत्रातील प्रश्न सदोष. आमलवाडीचे येणारे हेच जाणारे समजावेत. सकाळची फेरी कायम.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खांबाला टेकले. छातीवरचा दगड उतरला म्हणतात ना, तो खरंच उतरतो. श्वास कळतो.

पण मॅडमनी दुसरं पान उलटलं. “हे काय? सात गावांत एखाद-दुसरी तक्रार, आणि इथं सात? पवन, तुझं काम इतकं कच्चं असेल तर इथं दुसरा माणूस द्यावा लागेल.”

मी पवनकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, “चूक माझीच, मॅडम.”

त्याला माहीत होतं. हवेला स्क्रू ड्रायव्हर मिळत नाही हे त्याला पहिल्याच वेळी कळलं होतं, आणि तरी तो सगळं स्वतःवर घेत होता.

“त्याहीची चूक नाई,” मी म्हटलं. आवाज माझाच होता का? “दोन बिघाड खरे. बाकीचे पाच... मी केले. स्क्रू मी ढिला करत होती.”

सगळं गाव माझ्याकडे वळलं. आईचा पदर तोंडावरून खाली आला.

“सरकारी वस्तूला हात?” मॅडम कडाडल्या. “का पण?”

मग म्हटलं, जाऊ दे. “दुरुस्त कराले हे येत होते म्हनून.”

लाजेनं मेले असते, पण पवननं मान वर केली होती आणि तो असा पाहत होता की मला दुसरं काही दिसेना. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पेनाचं टोपण लावलं. “परत हात लावलास तर केस करीन,” त्या म्हणाल्या. “पोटापाण्याचं शिकतेस ते शिक. याला राहू देते इथं.”

आता बाबा. मी डोळे मिटून घेतले. बाबा खाकरले, दोन पावलं पुढं आले, आणि पवनला वरून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, “आडनाव काय म्हनलं तुमचं?”

“ग-गावंडे.”

“धनजचे गावंडे... अन् मामा कोनत्या गावचे?”

गावात खसखस पिकली. आई म्हणाली, “अवो, पोराले बसू तं द्या. चहा पाजा, मंग विचारा.” मी डोळे उघडले. बाबा रागावले नव्हते! मला रडू आलं आणि हसूही, दोन्ही एकदमच.

तेवढ्यात सात दहाची गाडी वळून उभी राहिली. कंडक्टर ओरडला, “आयटीआयवाले, चढता का?” हजेरी! मी धावले. पवन दारापर्यंत मागं आला.

“पुढच्या मंगळवारी खांब बिघडला नाई तं...?” तो हळूच म्हणाला.

“तरी या.”

“कायले?”

“मले पाहाले. अजून कायले!”

“तेच तं पाहून राह्यलो तीन महिन्यांपासून,” तो म्हणाला. “खांबाकडे कोनाचं लक्ष होतं, वैष्णवी?”

पहिल्यांदा माझं नाव घेतलं त्यानं. गाडी हलली. त्या दिवशी माझी हजेरी पहिल्या तासाला लागली, आणि सरांनी काय शिकवलं ते विचाराल तर मला एक अक्षर आठवत नाही.