आठ थेंब

मगनभाई दवाखान्यात आले ते आईचा खोकला दाखवायला. साल एकोणीसशे एकसष्ट. शहाद्याच्या त्या दवाखान्यात मी लघवी तपासत असे. त्या दिवशी साखर ओळखायचं निळं द्रावण नवीन बनवलं होतं. ते पडताळायला निरोगी माणसाची लघवी हवी होती. बाकावर धडधाकट दिसणारे ते एकटेच. मी मान खाली घालून बाटली पुढे केली. आजारी आई आणि तपासणी लेकाची, हा कुठला न्याय, असं त्यांनी हसत विचारलं... आणि बाटली घेतली.

आठ थेंब टाकून नळी उकळली. द्रावण विटकरी लाल झालं, म्हणजे भरपूर साखर. माझंच काही चुकलं असं वाटून मी माझी स्वतःची लघवी तपासली. रंग निळाच राहिला.

तापीकाठच्या ऊस-केळीच्या घरातला सव्वीस वर्षांचा गुजर शेतकरी. डॉक्टरांनी रोजचं इंजेक्शन दिलं, गूळ आणि केळी बंद केली. बाकीचं मी समजावलं : वेळेवर जेवायचं, ज्वारीची एकच भाकरी, सोबत मूग, मेथी, अनवाणी चालायचं नाही.

"भाकर कोना हातनी, बाई? मन्ही मायना हात मोठा शे."

मी ताटलीभोवती पेन्सिल फिरवून भाकरीचा आकार कागदावर काढून दिला. त्यांनी घडी खिशात ठेवली. नजर मात्र माझ्यावरून हलली नाही.

दर गुरुवारी ते बाटली आणत. सुरुवातीला रंग लाल येई, आणि मी काही न बोलता नोंद करी. मग एकदा निळा आला. पुढच्या गुरुवारीही निळा. मी हसले की ते बसची वेळ विसरत, मीही आठवण करून देत नसे. गुरुवारी मी ठेवणीतलं पातळ नेसू लागले — बघणाऱ्याला कळावं इतपतच. माझ्या नोंदी पाहून डॉक्टरांनी इंजेक्शन निम्मं केलं.

दिवाळीनंतर ते आले तेव्हा सदरा खांद्यावर सैल लोंबत होता. ते माठातलं पाणी लागोपाठ तीनदा प्याले. पायाच्या अंगठ्याला चिंधी होती. उसाचा खुंट लागला, दुखत नाही, म्हणाले. दुखत नाही हेच मला भयंकर वाटलं; साखरेने पाय बधिर होतात. आणलेली बाटली बाजूला ठेवून मी तिथेच भरून आणायला रिकामी दिली.

लाल.

"आधीच्या निळ्या बाटल्या कुणाच्या?" मी विचारलं.

"नवलन्या... मन्हा भाऊन्या." ते जमिनीकडे पाहत होते. "लाल उनं का तुम्ही बोलतच नही. निळं देखीसन हासतस."

मी रसायनं शिकले होते. माझ्या हसण्याची किंमत एखाद्याच्या पायाला मोजावी लागेल, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, आणि त्यांनी संध्याकाळच्या मोटारीने मगनभाईंना धुळ्याला पाठवलं.

तिथे दोन बोटं काढावी लागली. आठव्या दिवशी मी गेले. त्यांची माय मला पाहून पाणी आणायला उठली आणि लवकर परतली नाही.

"आते लंगडा माणूस कोनले पाहिजे?" ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

"मला."

त्यांनी चादर दोन्ही पायांवर ओढून घेतली.

"पण लाल असेल तर लाल म्हणूनच आणायचं," मी म्हणाले. "मी... बोलेन. त्या दिवशी जास्तच बोलेन."

ते वळले. डोळे भरले होते. मग चादर बाजूला करून त्यांनी दुसरा पाय, धड असलेला, हळूच माझ्याकडे सरकवला. मी तो मांडीवर घेतला आणि एकेक बोट उघडून पाहू लागले.