मास्टरनं शिवलेली खोळ

वरचा दिवा घालव, जिन्यातला राहू दे. डोळ्यांवर येतो मेला. हां, बसा आता दोघं.

जुन्या सोसायटीतला फ्लॅट घ्यावा की नाही, एवढंच विचारायला आलात ना? मग बरोबर माणसाकडे आलात. चाळीस वर्षं मी प्लंबिंग केलंय. दलाल घराचं तोंड दाखवतो, घराचं पोट प्लंबरला माहीत असतं.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर सूनबाई म्हणायची, नावं ठेवल्याशिवाय काकांना घास उतरत नाही. जुन्या घरात खोल्या ऐसपैस असतात. खिडक्या समोरासमोर, वारा घरात येऊन निघूनही जातो. भिंती अशा जाड, की शेजारी आरडाओरडा झाला तरी तुमची झोप मोडणार नाही. दारं भरीव लाकडाची, लाथ मारणाऱ्याचाच पाय मोडेल. आणि शेजाऱ्याची किल्ली आपल्या खिळ्याला टांगलेली असते, हे नव्या टॉवरात शोधून सापडायचं नाही. वाईट म्हणशील तर पाइप गंजलेले, वायरिंग भरवशाचं नाही, लिफ्ट तिच्या मर्जीनं चालते. ते सगळं दुरुस्त होतं रे. एक गोष्ट होत नाही, ती कुठल्या कागदावर लिहिलेली नसते.

माझ्या एका मित्राचं सांगतो. मित्र होता म्हणा.

तो शिंपी. सगळे त्याला मास्टर म्हणायचे. कोट शिवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा, बायको आणि तो. भिंतीला भिंत लागून शेजारच्या घरात बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. एक भाची होती, ती लांब परगावी. दोन्ही स्वयंपाकघरांना पाणी देणारा लोखंडी पाइप एकच होता. बाईंच्या कोपऱ्यातून खाली यायचा, फरशीजवळ भिंतीतून आरपार जायचा आणि मास्टरच्या कोपऱ्यात पुन्हा वर चढायचा. जाड भिंतीतून हाक जात नसे, पण लोखंड फार चुगलखोर. इकडे चमचा लागला की तिकडे ऐकू जायचं.

त्या चुगलीचाच दोघांनी उपयोग करून घेतला होता. रोज रात्री दहाला बाई चमच्यानं पाइपवर दोनदा ठोकायच्या. ठण्... ठण्. म्हणजे, दार लावलं, मी ठीक आहे. मग थांबायच्या. मास्टर कात्रीच्या मुठीनं दोनदा ठोकायचा. म्हणजे, कळलं, झोपा आता. एखाद्या रात्री ठोका आला नाही, किंवा येतच राहिला, तर किल्ली घेऊन पळायचं. अकरा वर्षं चालू होतं हे. एकदा बाईंना ताप भरला होता, तेव्हा याच ठोक्यांनी त्या वाचल्या. हेही जुन्या घराचंच सुख.

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. होता होता हे दोघंच उरले. बाई मास्टरला माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, "नवं घर मला नको असं नाही हो. पण सगळे पांगतील. परत आल्यावर कोण कुठल्या मजल्यावर, देव जाणे. मला भिंतीपलीकडे माणूस हवं."

मास्टर म्हणाला, "मी आहे ना, बाई. तुम्ही सही करेपर्यंत मी करणार नाही. झालं?"

आणि केली. नव्या इमारतीत तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला दुकान मिळतंय म्हटल्यावर पंधरा दिवसांत केली. घरात बायकोला, आमच्या वहिनींनाही ताकास तूर लागू दिली नाही. बाईंना कळलं ते जिन्यातल्या फळ्यावर यादी लागली तेव्हा. सही नसलेलं नाव एकच होतं, त्यांचं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मला आजही त्याचा संताप येतो. पण पुढचं ऐका.

बाई भांडल्या नाहीत. त्या रात्री दहा वाजता... ठण्, ठण्. दुसऱ्या रात्रीही. हा उत्तर देईना, तरी त्या ठोकायच्या, उत्तरासाठी थांबायच्या, पुन्हा ठोकायच्या आणि मग झोपायच्या. भांडण झालं असतं तर मास्टरला ते परवडलं असतं. हे त्याला सोसेना.

मग तो माझ्याकडे आला. म्हणाला, "स्वयंपाकघरातल्या पाइपला घाम सुटतो, खाली पाणी साचतं. काय करू?" मी भाबडा. गेलो, सगळा गंज खरवडला, वरपासून खालपर्यंत हिरवा ऑइलपेंट दिला आणि म्हटलं, वाळला की कापड गुंडाळ. त्यानं नुसतं कापड नाही गुंडाळलं. कोटाच्या खांद्यात भरतात तो कापूस घालून जाड खोळ शिवली. पाइपवरच शिवली, माळ्यापासून फरशीपर्यंत, मेणाच्या दोऱ्यानं, टाक्याला टाका लावून. पाइपला घामबीम काही नव्हता. बाईंना गप्प करायचं होतं, आणि त्यासाठी त्यानं माझी विद्या वापरली. मलाही फसवलं त्यानं.

खोळ शिवली गुरुवारी. शनिवारी, बारा ऑक्टोबरला, बाई स्वयंपाकघरात पडल्या. कंबर मोडली असावी, उठता आलं नाही. सोमवारी दाराशी दोन दिवसांची वर्तमानपत्रं पडलेली पाहून लोकांनी हाका मारल्या. दार उघडलं तेव्हा... चमचा मुठीतच होता.

आणि किल्ली कुठे होती माहितेय? मास्टरच्या खिळ्याला. सहा पावलांवर.

शनिवारी रात्री वहिनींनी विचारलंसुद्धा होतं, "बाईंचा ठोका आला का हो?" हा म्हणाला, "आला. दिलं मी उत्तर."

सूनबाई, पाणी हवंय? नको? बरं.

आता मुख्य गोष्ट. तेवीस नोव्हेंबर, शनिवार. वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या. संध्याकाळी बाईंच्या भाचीचा फोन आला, की खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल धरलीय, मावशीच्या घरात नळ ठिबकतोय का बघाल का? तिला बिचारीला काय माहीत. तिनं मलाही सांगून ठेवलं होतं, सकाळी जाऊन या म्हणून. मास्टरनं जेवण केलं, आपल्या दाराला कुलूप घातलं, बाईंची किल्ली घेतली आणि दहाला पाच मिनिटं असताना शेजारी गेला. नळच बंद करायचा होता, दोन मिनिटांचं काम. फोन घरी शिलाई मशीनवरच राहिला.

बाईंच्या घरची वीज तोडलेली. हातात बॅटरी होती. स्वयंपाकघरात गेला. नळ घट्ट बंद. फरशी कोरडी ठणठणीत. पाइपला हात लावून पाहिला, तोही कोरडा. चमचा भाचीनं धुऊन खिळ्याला अडकवलेला होता. भिंतीवरचं घड्याळ मात्र चालू होतं, सेलवरचं. त्यात दहाला एक मिनिट कमी.

तो निघायला वळला.

ठण्... ठण्.

मागून. पाइपमधून. म्हणजे त्याच्या घरातून.

त्याच्या घराला कुलूप होतं. किल्ली खिशात. त्यानं खिसा चाचपला. होती.

खोळीच्या आतून आवाज यायलाच नको. पण येत होता, स्वच्छ.

मग शांतता. एखादा माणूस उत्तर देईल, बरोबर तेवढीच.

ठण्... ठण्.

आता थोडा खालून.

थांबणं.

ठण्... ठण्.

आणखी खालून. जसं काही पाइपवरून कोणी घसरत चाललं होतं.

"बाई..." तो म्हणाला.

पळाला. दार ओढलं. उघडेना. भर पावसाळ्यातही न अडकलेलं दार... हलेना. लाथा मारल्या. भरीव लाकूड. ओरडला. जाड भिंती. वर, खाली, शेजारी... कोणी नाही ऐकलं.

ठण्... ठण्.

आता फरशीपाशी.

बॅटरी गेली. चाचपडत चाचपडत तो कोपऱ्यात आला. खिळ्यावरचा चमचा काढला. खाली बसला. आणि ठोकलं. दोनदा.

पलीकडचा आवाज बंद झाला.

एकदम बंद.

त्यानं पुन्हा ठोकलं. वाट पाहिली. पुन्हा. रडत ठोकलं, माफी मागत ठोकलं. रात्रभर...

काही नाही आलं.

सकाळी सातला मी गेलो. दाराला नुसतं बोट लावलं, उघडलं. कडी लागलेली नव्हती, काही नव्हतं. मास्टर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फरशीवर बसलेला. चमचा मुठीत. बाई सापडल्या त्याच जागी. मला बघून म्हणाला, "तू तरी ऐकलंस का रे?" आणि मग त्यानं सगळं सांगितलं. सहीचं, खोळीचं, वहिनींना मारलेल्या थापेचं. तोवर मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्या हातानं रंगवलेल्या पाइपवर त्यानं एका बाईचा आवाज शिवून टाकला होता. मी त्याला आधार द्यायला वाकलो होतो, तो तसाच सरळ झालो. उठायला हात दिला नाही. खोटं कशाला बोलू.

तरी त्याच्या घरी गेलो, कारण तो म्हणाला, आत कोण होतं ते बघ. कुलूप माझ्यासमोर उघडलं. घरात चिटपाखरू नाही. मशीनवर फोन तसाच. कोपऱ्यात खोळ, माळ्यापासून फरशीपर्यंत. मी चष्मा लावून शिवण तपासली. बोटानं एकेक टाका चाचपला. एकही उसवलेला नव्हता, कापलेला नव्हता. त्याच्या हातचे टाके ते, पुन्हा घातलेले असते तर तोच सांगू शकला असता. तो म्हणाला, "माझेच आहेत. पहिलेच."

मग मी त्याची कात्री घेतली आणि खोळ वरून खालपर्यंत फाडली.

कापसात हिरव्या रंगाचे टवके अडकले होते. आणि पाइपवर पोचे. ताजे, आतलं लोखंड चकाकत होतं. बाईंच्या बाजूच्या पाइपवर असते तर मी समजलो असतो. हे इकडे होते, शिवणीच्या आत.

छातीच्या उंचीवर दोन पोचे, शेजारी शेजारी. मग थोडी जागा कोरी. त्याखाली दोन. मग कोरी जागा. असे खाली, खाली... फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत.

आणि प्रत्येक जोडीखाली त्याच्या दोन ठोक्यांपुरती जागा सोडलेली.