विमलताईंचा आवाज कुणी घालवला?

"धम्मदीप, लवकर ये बाबू! सुनेनं घात केला!"

सदाशिवराव गुरुजींचा फोन येताच धम्मदीप दारव्ह्यातलं आपलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान तसंच टाकून निघाला. गुरुजींचा जुना कॉम्प्युटर उन्हाळा लागल्यापासून रोज थोडा थोडा मंदावत होता. त्यात त्यांच्या वारलेल्या बायकोच्या, विमलताईंच्या, आवाजातली गाणी होती. दुसरीकडे कुठंच नव्हती. मागच्या खेपेला धम्मदीपनं फालतू प्रोग्राम काढले, जागा मोकळी केली, अँटिव्हायरस फिरवला. काहीच सापडलं नाही. पण गुरुजींनी ना कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण उघडू दिलं, ना गाण्यांची नक्कल काढू दिली. म्हातारा हट्टाला पेटला की संपलंच!

आज स्क्रीन काळी होती आणि पेटीतून नुसतं टक-टक ऐकू येत होतं. धम्मदीपनं ओळखलं, गाणी साठवलेली डिस्कच टकटकत होती.

"हिनंच काहीतरी बिघडवलं," गुरुजी सुनेवर कडाडले. प्रेरणा दाराशी उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"वहिनी, तुम्ही यावर कधी बसता?"

"सकाळी, शाळेत शिकवाले जायच्या आधी. तवा बरा चालते, भाऊ. संध्याकाळी येऊन पाहा तं हलतच नाही."

"गुरुजी, बंद कधी करता?"

"कायले करू? चालू-बंद केल्यानं खराब होते."

"दुपारी घरी कोण असते?"

"मी एकटा. पण मी त्याले बोटही लावत नाही!"

म्हणजे जे काही घडत होतं ते दुपारी. धम्मदीपची नजर फरशीवर गेली. कुलर खाटेजवळ उभा होता. त्याच्या पायांचे गंजाचे डाग मात्र कॉम्प्युटरच्या टेबलामागं होते.

त्यानं झाकण काढलं. आत धुळीचा चिखल होऊन वाळला होता. पंख्यात कुलरच्या ताटीतलं गवत अडकलेलं, डिस्कवर पाण्याचा पांढरा क्षार.

"गुरुजी, दुपारी कुलर इकडं कोण सरकवते?"

गुरुजींचा चेहरा उतरला. "मीच. गरम होते ना ते... मी त्याले थंड ठेवून राह्यलो होतो!"

"तिथंच घोळ झाला. ओली हवा आत गेली, धूळ भिजून पंख्यावर बसली, पंखा जाम झाला. दुपारभर मशीन तापे अन् मंद होये. रात्रीतून निवे, म्हणून वहिनीले सकाळी बरं वाटे. डिस्क त्याच ओलीनं गंजली, आतली चकती ओरखडली. वहिनीचा यात काही दोष नाही."

"अन् गाणी?"

"गेली, गुरुजी. डिस्क नागपूरले पाठवली तरी निघणार नाही."

प्रेरणा आत निघून गेली. गुरुजींनी तिला हाक मारली नाही.

धम्मदीपला राहवेना. "तुम्ही वाजवली तवा कोणी मोबाईलात भरून घेतली असन ना? आठवा जरा."

गुरुजी पेटीकडं बघत राहिले.

"वाजवलीच नाही रे कधी. वाजवून वाजवून कॅसेट झिजते नं, तशी ही गाणीही झिजतीन असं वाटलं. विमल गेल्यापासून एकदाही ऐकली नाही मी."