बुधवारचा तास

कळंबजवळच्या त्या हॉस्पिटलात डॉ. सुदर्शनचा पहिला दिवस, आणि पहिलाच पेशंट सर्पदंशाचा. बोरी बुद्रुकचे भिमाजी, टोमॅटोच्या वावरात साप चावलेला.

"डोळं उघडंना झालंय वो..." ते पुटपुटले.

सुदर्शन दंशाची खूण शोधू लागला, ती सापडेना. तेवढ्यात मागून एक मुलगी पुढे झाली. अंगात पांढरा कोट, बोटावर शाईचा डाग.

"काका, एका श्वासात आकडे म्हणा बरं."

भिमाजी अकरावर अडकले.

"श्वास कमी पडतोय, विष चढतंय. सिस्टर, सापाची लस काढा. लगेच!"

संध्याकाळी भिमाजी चहा मागू लागले, तेव्हा सुदर्शन तिच्याजवळ गेला.

"हे मला शिकवाल?"

"मी?" डॉ. तेजस्विनी हसली. "डिंगोऱ्याची साधी एमबीबीएस मी. पुढची अ‍ॅडमिशन मिळाली नाही, पाच वर्षं नुसत्या ड्युट्या करतेय. आम्हाला कुणी शिकवत नाही, मी कुणाला शिकवणार?"

"मलाही नाही मिळाली अ‍ॅडमिशन. मग आपणच शिकवू की एकमेकांना!"

हॉस्पिटलच्या मोठ्या सरांनी बुधवारी दुपारचा एक तास दिला. चार ड्युटी डॉक्टर जमू लागले. ती सर्पदंश शिकवायची, तो ईसीजी. बाहेर उन्हातच पावसाची सर यायची, खिडकीतून गार वारा... आणि ईसीजीच्या रेघांवरून त्याची नजर तिच्याकडे वळायची.

"रेघ तिकडे आहे, डॉक्टर."

"माझी इकडे बिघडलीय..."

ती लाजली – आणि मुद्दाम अवघड प्रश्न विचारू लागली, पुढे रात्री फोनवरसुद्धा.

पावसाळा सरता सरता सरांनी सांगितलं, तातडीच्या उपचारांच्या वर्षभराच्या कोर्ससाठी दर वर्षी एकाला पुण्याला पाठवायचं. पगार चालू राहील. तेजस्विनीनं अर्ज दिला. अर्जांच्या यादीत सुदर्शनचं नाव नव्हतं.

"का नाही भरला?"

"तुम्हाला मिळावा म्हणून..."

"लई उपकार झाले!" तिचे डोळे भरून आले होते. "इतक्या वर्षांनी काहीतरी मिळतंय, तेही कुणी सोडलेलं नको मला. भरा अर्ज."

त्यानं तिच्यासमोर भरला. मुलाखती झाल्या. निवड तिची झाली.

तो जिन्यात भेटला.

"खोटं नाही सांगत, तेजस्विनी... वाईट वाटलं. डबा तसाच परत नेला. पण नंतर कळलं, कोर्स हुकल्याचं दुःख थोडंच आहे. सोमवारपासून तू इथे नसणार – ते सहन होईना. मला तू आवडतेस."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तिनं जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"पुढच्या वर्षी तुझा नंबर. तयारी मी घेईन. रोज फोनवर."

"फक्त तयारी?"

"नाही..." ती पायऱ्या उतरू लागली, मग थांबली. "रविवारी डिंगोऱ्याला ये. आई सारखी विचारते, फोनवर कुणाशी एवढं हसतेस. आता तूच सांग तिला."